शालिकरामांची कूलरबंदी

अकोल्याहून अमरावतीकडे निघालं, की बोरगाव मंजूच्या अलीकडे उजव्या हाताला पत्र्याची एक लांबलचक इमारत लागते. पूर्वी तिथे डाळमिल होती. डाळमिल बंद पडली, यंत्रं विकली गेली. तुरीच्या डाळीचा वास तेवढा कुणी विकत घेतला नाही, म्हणून तो राहिला. आता इमारतीवर निळी पाटी आहे: 'माणिक वेअरहाऊसिंग अँड डिस्ट्रिब्यूशन', आणि खाली, 'तुमचा माल, आमचा जीव'. यंदा होळी झाल्यावर तिच्या शेजारी दुसरी पाटी लागली. ती अशी:

'येथे खासगी सामान, लग्नाची भांडी व कूलर ठेवले जाणार नाहीत. नातेवाईकांनी विशेष लक्ष द्यावे.'

पहिलं वाक्य सून रूपालीचं. दुसरं तिच्या सासऱ्यांनी, शालिकरामांनी, रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून लिहवून घेतलं, आणि 'विशेष' हा शब्द लाल करायला सांगितला.

रूपाली लग्नाआधी पुण्यात मालवाहतुकीच्या कंपनीत कामाला होती. सासरी आल्यावर तिनं रिकामी डाळमिल पाहिली आणि सासऱ्यांना समजावून सांगितलं, की मोठ्या कंपन्यांना प्रत्येक जिल्ह्यात स्वतःचं गोदाम परवडत नाही. त्या हे काम बाहेर देऊन टाकतात. आपण त्यांचा माल उतरवून घ्यायचा, उंदीर-पाण्यापासून जपायचा आणि दुकानादुकानात पोचवायचा. शालिकरामांना हे इतकं पटलं, की संध्याकाळपर्यंत ते चहाच्या टपरीवर इतरांना समजावून सांगत होते.

"लोकाची म्हैस आपल्या गोठ्यात बांधाची. दूध त्याचं, शेन आपलं, आन चाऱ्याचे पैसेबी तोच देते."

कंपन्यांना पाठवलेल्या माहितीपत्रकात रूपालीनं हे वाक्य घेतलं नाही. पण त्यातल्या सगळ्या पानांचा मतलब एवढाच होता.

धंद्याला नाव बायकोचं, माणिकबाईंचं दिलं, कारण शालिकरामांच्या नावावर आधीच शेती, ट्रॅक्टर आणि एक पंचवीस वर्षं चाललेला बांधाचा खटला होता. माणिकबाईंनी मात्र हे मनावर घेतलं. गोदामाला त्या 'माहं' म्हणायच्या, आणि महिन्यातून एकदा येऊन कोपऱ्यात तुळशीची कुंडी ठेवून जायच्या. रूपाली ती उचलून बाहेर ठेवायची. पुढच्या महिन्यात कुंडी परत आत.

कुंडीचं एक वेळ चालून गेलं असतं. खरी अडचण होती कूलरची.

वऱ्हाडात कूलर ही वस्तू नाही, तो घरातला माणूस आहे. मुलीच्या लग्नात तो आंदण देतात आणि त्याच्या पत्र्यावर 'मामाकडून सप्रेम भेट' असं रंगवून घेतात. उंची कपाटाएवढी, पोट हौदाएवढं, आवाज पिठाच्या गिरणीएवढा. मार्च ते जून तो घरचा कर्ता असतो, सगळे त्याच्याकडे तोंड करून जेवतात आणि त्याच्याकडे पाय करून झोपतात. हवा बदलली, की मात्र त्याच्याइतकं नकोसं कुणी नसतं. दार अडवतो, पाहुण्याच्या गुडघ्याला लागतो. मग घरात कुणीतरी म्हणतं, "शालिकरामच्या गोदामात रिकामा कोपरा हाये न." गेल्या पावसाळ्यात रूपालीनं पहिल्यांदा शिस्तीत गोदाम फिरून पाहिलं, तेव्हा बिस्किटांचे खोके मावेनात इतके कूलर तिथे उभे होते. मधोमध चुलत सासूबाईंचा होता. त्याच्यात त्यांनी लोणच्याची बरणी ठेवली होती, 'रिकामाच तर हाये' म्हणून.

"मामाजी, हे असं चालणार नाही," रूपाली सासऱ्यांना म्हणाली होती. "पुण्याच्या खडूंच्या कंपनीशी माझं बोलणं चालू आहे. त्यांची पहिली अटच ही आहे, की त्यांच्या मालाशेजारी दुसऱ्या कुणाचं काही नको."

मेणखडूंची ती कंपनी मोठी होती. शाळा उघडायच्या आधी, म्हणजे ऐन मे महिन्यात, तिचा माल गावोगाव पोचावा लागतो. तिनं माणिकला एका उन्हाळ्यापुरतं आजमावून पाहायचं ठरवलं. माल नीट सांभाळला, तर अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांचं काम पाच वर्षं माणिकचं. नाही सांभाळला, तर नागपूरचं एक गोदाम टपून बसलेलंच होतं.

शालिकरामांना पाच वर्षांचं फार कौतुक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की मुलगा योगेश एकदा जेवताना, ताटाकडे बघत, म्हणाला होता, "हे जमलं तं जमलं बाबा, नाही तं आमी पुन्याले जाऊ. रूपालीले नौकरी हाये तिथी." त्यावर शालिकरामांनी भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं होतं. तेव्हापासून खडू म्हटलं, की त्यांना भाजीतलं मीठ आठवायचं.

म्हणून होळीला नातेवाइकांनी आपापले कूलर नेले, त्याच आठवड्यात शालिकरामांनी पाटी लावली. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण हिवरखेडला भाचीच्या लग्नात ते भर पंगतीत उभे राहिले.

"सांगून ठेवतो. पुढच्या साली कोनाचाबी कूलर माह्या गोदामात येनार नाई. नातं नात्याच्या ठिकानी. व्यवहार म्हंजे व्यवहार."

पंगतीतले हात थांबले. फक्त वाढपी बुंदी वाढत राहिला, कारण त्याचा कूलर नव्हता. मग शालिकरामांच्या आत्या, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या तानुबाई, पानावरून मान वर न करता म्हणाल्या, "बस खाली, शालिक. अन्नापुढं उभं राहू नाई."

त्या दिवसापासून आत्यांनी भाच्याशी बोलणं सोडलं. म्हणजे फोन उचलायच्या, पण बोलायच्या नाहीत. नुसता श्वास ऐकवायच्या.

*

मे महिन्यात खडूंचे ट्रक आले. रूपालीनं आधीच छताला पांढरा रंग मारून घेतला होता, भिंतीत एक भलंमोठं थंड हवेचं यंत्र बसवलं होतं आणि पत्र्याचा गोल नळ छताखालून फिरवला होता. खोके लाकडी पाटांवर चढले, भिंतीपासून हातभर दूर. बाहेर सडक वितळत होती आणि आत खडू ताठ उभे होते. शालिकराम रोज दुपारी एक पेटी उघडून बघायचे आणि लाल खडूला बोटानं दाबून समाधानानं मान हलवायचे, आंबे पिकले का बघावं तसे.

पुण्याहून तपासणीला सीमा मॅडम येणार होत्या, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी भिंतीतल्या यंत्रानं एक खोल सुस्कारा टाकला. मग जळक्या वासाचा थोडा धूर सोडला आणि ते गप्प झालं.

मेकॅनिकनं मोटार उघडून पाहिली आणि दुखवट्याला आल्यासारखी टोपी काढली.

"जळली."

"कधी होईन नीट?" शालिकरामांनी विचारलं.

"नागपूरहून आनावं लागन. परवा."

"म्याडम उद्या येऊन राहिल्या."

"मंग त्यायले परवा बोलवा," मेकॅनिक म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

दुपारपर्यंत गोदामाचा तवा झाला. रूपालीनं विम्याचे कागद काढले. आग, पूर, भूकंप, चोरी, दंगल, विजेचा लोळ, एवढंच काय, विमान पडून झालेलं नुकसानसुद्धा भरून मिळणार होतं. उन्हानं खडू वितळले तर मात्र काही नव्हतं. विमा लिहिणारा अकोल्याला येऊन गेलेला असावा. इथे ऊन ही आपत्ती नाही, इथे तो पत्ता आहे.

शालिकरामांनी वरच्या थरातली एक पेटी उघडली. लाल खडू वाकून नारिंगीच्या खांद्यावर टेकला होता. पिवळा उभा होता, पण त्याच्या मनात काही बरं दिसत नव्हतं.

"वरचेच आहेत," रूपाली म्हणाली. "आज रात्र निघेल. पण उद्या दुपारपर्यंत गार झालं नाही, तर सगळा माल एकच मोठा खडू होईल." ती एवढंच बोलली आणि फोन घेऊन बाहेर गेली. भाड्यानं यंत्र मिळतं का बघायला अकोला, अमरावती, सगळीकडे फोन लावले. सगळीच यंत्रं लग्नांच्या हॉलमध्ये गुंतलेली होती.

त्याच वेळी माणिकबाई कुंडी घेऊन आल्या. त्यांनी खोक्यांकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

"कूलर आना न."

"कोनाचे?"

"आपल्याच लोकायचे. घरोघरी हायेत."

"मी पाटी लावली हाये व. लाल अक्षरात."

"पाटीवर लुगडं टाकते मी वाळू."

आणि शालिकराम काही बोलायच्या आत त्या बाहेर जाऊन खरोखरच स्वतःचं हिरवं लुगडं पाटीवर टाकून आल्या.

*

पहिला फोन शालिकरामांनी अंजनगाव सुर्जीच्या भगवंतरावांना लावला. भगवंतराव साडू, म्हणजे नात्यानं बरोबरीचे. साडूपुढे अपमान झाला, तरी तो निम्माच होतो.

"काय करून राहिले?" शालिकरामांनी विचारलं.

"कूलरसमोर पडून राहिलो."

"कूलर चांगला हाये न?"

"चांगला हाये. पावसायात कुठी ठुवाचा, त्याचा इचार करून राहिलो. एक जन होता ओयखीचा गोदामवाला. पन त्यानं पाटी लावली म्हनतात."

"मले एक दिवस पाह्यजे होता."

"कोनाले? गोदामवाल्याले?"

"हो."

"तो तं म्हने व्यवहार म्हंजे व्यवहार."

"तो म्हनत होता," शालिकराम म्हणाले. "आता नातं म्हनून राहिला."

पलीकडे भगवंतरावांनी कूस बदलल्याचा आवाज आला. "कूलर तुमाले देल्ला, तं मी कुठी झोपू भर दुपारी?"

इथे शालिकरामांकडून एक चूक झाली. चूक म्हणजे, रीतच ती. वऱ्हाडात कुणाकडून काही मागितलं, की शेवटी 'तुमीबी या' म्हणावं लागतं. हे वाक्य बोलायचं असतं, ऐकायचं नसतं. समोरचा 'येऊ न, येऊ' म्हणतो, आणि कुणी येत नाही. जग असं चाललेलं आहे.

"तुमीबी या," शालिकराम म्हणाले.

"येतो," भगवंतराव म्हणाले, आणि फोन ठेवला.

पुढचे फोन सोपे गेले, कारण भगवंतरावांनी मधल्या वेळात सगळ्यांना कळवलं होतं. प्रत्येकानं पाटीची चौकशी केली, 'विशेष' हा शब्द लालच का केला ते विचारलं, आणि शेवटी होकार दिला. प्रत्येकाला शालिकराम 'तुमीबी या' म्हणाले. एकदा सुरू केल्यावर मध्येच कसं थांबणार.

तानुबाईंनी फोन उचलला. श्वास.

"आत्या, मी शालिक."

श्वास.

"मोटार जयली वो. मले तुमचा कूलर पाह्यजे, एक दिवस."

श्वास जरा लांबला.

"माह्याकडून चूक झाली, पंगतीत बोललो ते. पन हे काम गेलं, तं योगेश-रूपाली पुन्याले जाऊन राहिले. घरात मी आन तुमची भाचेसून, आन तो खटला." शालिकराम थांबले. हे ते अजून माणिकबाईंशीसुद्धा बोलले नव्हते. "तुमीबी या, आत्या."

फोन बंद झाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला टेम्पो तानुबाईंचाच आला. मागे कूलर, कूलरला टेकून गादी, गादीवर माठ, आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी डोळ्याला काळा चष्मा लावून आत्या. त्या उतरल्या, शालिकरामांकडे न बघता आत गेल्या आणि सगळ्यात चांगला कोपरा निवडून ड्रायव्हरला म्हणाल्या, "इथी लाव."

मग रांगच लागली. भगवंतराव टेम्पोच्या मागच्या भागात, कूलरच्या पाठीला पाठ लावून, उपरणं डोक्यावर घेऊन आले. हिवरखेडचे आले. चुलत सासूबाई आल्या, आणि येताना लोणच्याची बरणी आत ठेवूनच कूलर आणला. मंडपवाल्या चंदननं वायरींची वेटोळी आणली. गोदामाला डाळमिलच्या वेळची थ्री-फेज जोडणी होती, ती एवढ्या वर्षांनी कामी आली. रूपालीनं कूलर एका बाजूला रांगेत लावले, समोरची दारं उघडी ठेवली म्हणजे हवा खेळती राहील, आणि खोके मध्ये घेतले. पाइपानं पाणी भरलं, वाळ्याच्या ताट्या भिजल्या, आणि डाळीच्या जुन्या वासावर वाळ्याचा वास चढला. सगळे कूलर एकदम सुरू झाले तेव्हा पलीकडच्या शेतातल्या म्हशींनी मान वळवून पाहिलं.

थोड्याच वेळात भांडण लागलं. ताट्या नव्या, रंग उडालेला; भगवंतरावांचा कूलर कोणता आणि हिवरखेडचा कोणता, कळेना. दोघांचाही एकाच कूलरवर हक्क, कारण त्याची हवा जास्त होती. माणिकबाईंनी ते मिटवलं. वाकलेल्या पेटीतला लाल खडू घेऊन त्यांनी एकेका ओल्या पत्र्यावर मालकाचं नाव घातलं. भगवंतरावांच्या कूलरवर 'भाऊजी' एवढंच लिहिलं, कारण त्यांचं नाव घ्यायला त्यांना संकोच वाटला.

बारा वाजेपर्यंत रूपालीच्या तापमापकाचा आकडा हळूहळू उतरला. तिनं सासऱ्यांना बोलावून दाखवलं. "पस्तीसच्या खाली आलं, मामाजी. फक्त करारात 'थंड व कोरड्या जागी' असं आहे."

"थंडं झालं न? कोरड्याचं उद्या पाहू."

आता एकच काम उरलं होतं. शालिकरामांनी गोदामाच्या मध्ये उभं राहून हात जोडले. "तुमी सारे आले, लय उपकार झाले. आता तीन वाजता म्याडम येऊन राहिल्या. तेवढं घंटाभर तुमी बाहेर निंबाखाली बसा."

कुणी हललं नाही. जेवणं झाली होती. सतरंज्या पसरल्या होत्या. खोक्यांच्या रांगांमधून, कूलरसमोर ज्याची त्याची जागा ठरली होती.

"बाहेर किती हाये?" तानुबाईंनी विचारलं. पंगतीनंतर तानुबाईंचं भाच्याशी हे पहिलं वाक्य.

"सेहेचाळीस."

"मंग म्याडमले बसव निंबाखाली," तानुबाई म्हणाल्या आणि त्यांनी कूस बदलली.

*

सीमा मॅडम तीनला आल्या. रिक्षातून उतरताना त्यांचा चेहरा वरच्या थरातल्या लाल खडूसारखा झालेला होता. त्यांच्या हातात तापमान मोजायचं पिस्तूल होतं आणि पर्समध्ये पाण्याची बाटली, जिच्यातलं पाणी चहा करायच्या लायकीचं झालं होतं. त्यांनी लुगडं टाकलेली पाटी पाहिली, काही विचारलं नाही, आणि दारातून आत आल्या. तिथेच त्या थांबल्या.

आत कूलरांची रांग घुमत होती. खोके शिस्तीत होते. आणि खोक्यांच्या मधून, सतरंज्यांवर, शालिकरामांचं सगळं गणगोत झोपलेलं होतं. भगवंतराव घोरत होते. चुलत सासूबाईंच्या उशाशी लोणच्याची बरणी होती.

"हे कोण आहेत?" मॅडमनी हळू आवाजात विचारलं. दवाखान्यात विचारावं तसं.

"स्टाफ," शालिकराम म्हणाले. रूपालीनं डोळे मिटले.

"एवढा?"

"तापमान पाहनारे हायेत. प्रत्येक जन आपापल्या भागाचं पाहते."

मॅडम तानुबाईंजवळ गेल्या. त्या एकट्याच जाग्या होत्या. "आजी, तुम्ही इथे काय काम करता?"

"झोपते," तानुबाई म्हणाल्या.

"रात्रपाळीच्या हायेत," शालिकराम म्हणाले.

"मी याची आत्या हावो," तानुबाई उठून बसल्या. "आन हा कूलर माहा हाये. याची मोटार जयली काल. सांग न तिले, लाजते काहून? कूलर मागतले यानं साऱ्यायले. कूलर आला, तिथी मी आली. पुन्यात लोक कूलर एकटा पाठोतात काय?"

 मग रूपालीनं मॅडमना सगळं सांगितलं. मोटार, नागपूर, वाकलेली पेटी. पेटी आणून समोर ठेवली. शालिकराम पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत उभे होते आणि भाजीतल्या मिठाचा विचार करत होते.

मॅडमनी पिस्तूल खोक्यांवर धरलं. आकडा बघितला. दुसऱ्या रांगेवर धरलं, तिसऱ्या.  मग एका कूलरपाशी वाकून त्यांनी लाल अक्षरांवर बोट फिरवलं. पत्रा ओला होता, अक्षर जागचं हललं नाही.

"हे आमच्या खडूनं लिहिलंय?"

"मोडलेलाच घेतला," माणिकबाई म्हणाल्या. "साबूत एकबी नाई घेतला. गोदाम माहं हाये, माल तुमचा हाये, मले समजते."

मॅडमनी त्या अक्षरांचा फोटो काढला. "'भाऊजी' हे कंपनीचं नाव आहे का?"

"अंजनगाववाले हायेत," माणिकबाई म्हणाल्या, आणि मॅडमच्या हातात कैरीच्या पन्ह्याचा पेला दिला. मॅडमनी तो उभ्यानंच संपवला. दुसराही संपवला. तेव्हा तानुबाईंनी आपल्या गादीवर हात आपटून सांगितलं, "बस व माय, दोन मिनिटं. उन्हातून आली."

"नाही, मला अजून मागच्या रांगा पाहायच्यात."

"त्या कुठी पयून राहिल्या."

मॅडम गादीच्या काठावर बसल्या. कूलरचा वारा समोरून आला. त्यांनी पिस्तूल मांडीवर ठेवलं. थोड्या वेळानं पर्स उशाला घेतली. मग तानुबाईंनी त्यांच्या पायांवर आपल्या लुगड्याचा पदर टाकला आणि शालिकरामांना खूण केली, की आता पाय वाजवू नको.

शालिकराम आणि रूपाली दाराशी जाऊन बसले. 

"झोपल्या," शालिकराम पुटपुटले. "हे चांगलं झालं का वाईट?"

"माहीत नाही, मामाजी. माझ्या सगळ्या नोकरीत असं झालं नव्हतं."

"पुन्यात होत नसन."

"नाही," रूपाली म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. "पुण्यात नाही होत."

ऊन उतरल्यावर मॅडम जाग्या झाल्या. क्षणभर त्यांना आपण कुठे आहोत ते कळेना. मग त्या झटकन उठल्या, पर्स सावरली, केस सारखे केले आणि मागच्या रांगा फार काळजीपूर्वक तपासल्या. जाताना त्यांनी चुलत सासूबाईंच्या बरणीतली लोणच्याची फोड हातावर घेतली, आणि अहवाल आठ दिवसांत येईल असं सांगितलं.

*

तो आठव्या दिवशी आला. रूपालीनं तो मोबाइलवर उघडला तेव्हा घरात सगळे होते. नवी मोटार बसली होती, कूलर आपापल्या घरी गेले होते, पाटीवरचं लुगडं माणिकबाईंनी अजून काढलं नव्हतं.

रूपाली वाचत गेली. "'मालाची स्थिती समाधानकारक. एक पेटी वगळता नुकसान नाही. अडचण लपवली गेली नाही.'" इथे तिनं सासऱ्यांकडे बघितलं. शालिकरामांनी छताकडे बघितलं. "'कोरडेपणाबाबत सुधारणेस वाव आहे. गोदामातील तापमान निरीक्षकाने दीर्घकाळ प्रत्यक्ष अनुभवून तपासले आहे.'"

"खरं हाये ते," माणिकबाई म्हणाल्या.

"'पाच वर्षांच्या करारास मंजुरीची शिफारस.'"

 योगेश उठला, आत गेला, आणि आतून त्यानं विचारलं, "आई, आज भाजी कोनती हाये?" शालिकरामांना एवढं पुरे होतं. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, उन्हाळा होता म्हणून.

"थांबा, एक अट आहे," रूपाली म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "'मुख्य यंत्र बंद पडल्यास पर्याय म्हणून, पाहणीच्या दिवशी कार्यरत असलेली सर्व शीतकरण साधने मार्च ते जून या काळात गोदामातच कायम ठेवावीत.'"

"म्हंजे?"

"म्हणजे कूलर. सगळे. उन्हाळाभर. घरी न्यायचे नाहीत."

शालिकरामांनी मनातल्या मनात एकेका घराचा विचार केला. मार्च ते जून. ज्या चार महिन्यांत माणूस कूलर देत नाही, नेमके तेच. मग त्यांना आठवलं, की कूलर देताना प्रत्येकाला आपण काय म्हणालो होतो, आणि एकदा म्हटलेलं परत कसं घेणार.

आता बोरगाव मंजूच्या अलीकडे, उन्हाळ्यात दुपारी, त्या पत्र्याच्या इमारतीतून गिरणीसारखा आवाज येतो. नीट कान दिला तर त्याच्याखाली भगवंतरावांचं घोरणंही ऐकू येतं. खडूंचे ट्रक येतात, हमाल चपला बाहेर काढून पाय न वाजवता माल उतरवतात. दुसरी पाटी रंगाऱ्याकडून बदलून घेतली. तिच्यावर आता 'स्टाफ व्यतिरिक्त प्रवेश नाही' असं आहे, आणि 'स्टाफ' हा शब्द तानुबाईंनी लाल करून घेतला.

शालिकराम पाइप घेऊन एका कूलरपासून दुसऱ्या कूलरपर्यंत पाणी भरत फिरतात. टाकी रिकामी झाली, की त्या त्या भागाचा निरीक्षक डोळे न उघडता हाक मारतो. त्यांना स्वतःला आडवं व्हायला जागा नाही. एकदा ते आत्यांच्या गादीच्या काठावर टेकले, तर आत्या म्हणाल्या, "ती जागा म्याडमची हाये. पुढच्या महिन्यात येऊन राहिली ती. पानी भर, शालिक."